प्रागच्या बिशपाला भाऊ होते

996-97 च्या हिवाळ्यात पोलंडहून काही माणसं प्रागला एक निरोप घेऊन गेली. तुमचा बिशप परत यायला तयार आहे, तुम्ही त्याला घ्याल का, एवढंच विचारायचं होतं. प्रागहून उत्तर आलं ते असं: आम्ही पापी माणसं, त्याच्यासारख्या साधूचं आमच्यात काय काम? आणि तो आमच्या उद्धारासाठी येतोय असं कुणी आम्हाला सांगू नये. तो भावांचा सूड उगवायला येतोय.

ज्याच्याविषयी हे बोललं गेलं, तो वोयतेख तेव्हा चाळिशीला आलेला होता. गादीवर बसल्यापासून तो जमिनीवर झोपत होता, मिळकतीचा मोठा हिस्सा गरिबांना वाटत होता, मधली काही वर्षं रोमच्या एका मठात भांडी घासत होता. सूड घेण्याइतकं बळ त्याच्या हाती कधीच नव्हतं, आणि तशी इच्छा त्याच्या तोंडून निघाल्याचा एकही पुरावा नाही. तरीही प्रागच्या लोकांना त्याच्यावर विश्वास ठेवता आला नाही. दीड वर्षापूर्वी त्याच्या चार भावांना त्यांच्याच गढीत कापून काढलं होतं, आणि ते काम प्रागकडच्या माणसांनीच केलं होतं. भाऊ मेल्यावर माणूस काय करतो हे त्यांना माहीत होतं. बिशप झालेला माणूस काही वेगळं करेल, ही कल्पनाच त्यांना शिवली नाही.

वोयतेखची गोष्ट नेहमी संताची म्हणून सांगितली जाते: सरदाराचा मुलगा, संसार सोडला, धर्मासाठी मेला. मला त्यात एका पदावर बसलेल्या माणसाचं प्रकरण दिसतं. 982 साली त्याने पद घेतलं, दोनदा सोडलं आणि 997 मध्ये मारला गेला. सरदारपुत्र धर्मसेवेत गेला की त्याच्या घराण्याचं काय होतं, हे या पंधरा वर्षांत फार जवळून पाहता येतं. सुदैवाने साधनंही जवळची आहेत. त्याचं पहिलं चरित्र मृत्यूनंतर दोन-तीन वर्षांतच रोममध्ये, तो जिथे राहिला त्या मठाच्या वर्तुळात लिहिलं गेलं. दुसरं लिहिलं क्वेरफुर्टच्या ब्रूनोने. हा ब्रूनो स्वतः सॅक्सन सरदार घराण्यातला, त्याच मठात राहिलेला, आणि 1009 मध्ये, वोयतेख जिथे मारला गेला त्याच बाल्टिक किनाऱ्यावरच्या प्रुसी मुलखाच्या सीमेवर मारला गेलेला. तिसरा कॉस्मास, प्रागच्या कथीड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, अधिकारी. पण तो लिहितो सव्वाशे वर्षांनंतर, आणि प्रागच्या राजघराण्याच्या सावलीत बसून. त्यामुळे त्याचं म्हणणं जरा जपून घ्यावं लागतं.

घराणं

लिबित्से हे गाव आजच्या झेक प्रजासत्ताकात, प्रागच्या पूर्वेला, सिडलिना नदी एल्बेला मिळते तिथे आहे. दहाव्या शतकात तिथे तटबंदीची मोठी गढी होती. विसाव्या शतकातल्या उत्खननात तिथे दगडी चर्चचा पाया आणि शेजारी मालकाचा वाडा सापडला. हा मालक स्लाव्हनिक, आणि घराण्याला पुढे त्याचंच नाव पडलं. 956 च्या सुमारास त्याला आणि स्त्रेझिस्लावाला झालेला मुलगा म्हणजे वोयतेख. सोबेस्लाव, स्पितिमीर, पोब्रास्लाव, पोर्झेय, चास्लाव हे त्याचे भाऊ, आणि शिवाय एक सावत्र भाऊ, रादिम. रादिम लक्षात ठेवावा. तो शेवटपर्यंत येतो.

स्लाव्हनिकांची ताकद नेमकी किती, यावर झेक इतिहासकारांचा वाद जुना आहे. कॉस्मास त्यांना जवळजवळ अर्धा देश देऊन टाकतो. आजचे अभ्यासक ते मानत नाहीत. बरेच जण म्हणतात की हे प्रागच्या प्रेमिस्ल राजघराण्याचे नातेवाईक किंवा मांडलिकच असावेत. पण सोबेस्लावची नाणी सापडलेली आहेत, चांदीचे देनार, त्यावर त्याचं नाव आणि मालिन व लिबित्से या टांकसाळींची नावं. जो स्वतःच्या नावाने नाणं पाडतो तो शेजारच्या मोठ्या राजाच्या डोळ्यांत खुपल्याशिवाय राहत नाही. स्वतंत्र राज्य असो वा नसो, एवढं कारण पुरेसं होतं.

मुलगा देखणा होता आणि त्याला संसारातच ठेवायचं असं बापाच्या मनात होतं. मग लहानपणी तो इतका आजारी पडला की आईबापांनी त्याला मरियेच्या वेदीवर नेऊन ठेवलं आणि नवस बोलला: जगला तर देवाचा. तो जगला. आपल्याकडे नवसाचं मूल म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. पुढच्या सगळ्या आयुष्यात वोयतेखने हा नवस स्वतःचा मानून फेडला, पण बोलला होता तो घराण्याने, घराण्याच्या चर्चमध्ये.

972 च्या आसपास त्याला सॅक्सनीतल्या माग्डेबुर्गला शिकायला पाठवलं. तिथल्या आर्चबिशपचं नाव अडालबर्ट; तेच नाव मुलाला दृढीकरणाच्या संस्कारावेळी मिळालं, आणि युरोपभर तो त्याच नावाने ओळखला जातो. ब्रूनो या शाळेची एक आठवण देतो. मुलांना आपसात लॅटिनशिवाय बोलायची बंदी होती. छडी बसायला लागली की वोयतेख आधी लॅटिनमध्ये गयावया करायचा. छडी थांबली नाही की सॅक्सन बोलीत. आणि अगदीच असह्य झालं की स्लाव्ह भाषेत, आईच्या. मला त्याच्या सगळ्या चरित्रातला हा प्रसंग सर्वांत खरा वाटतो. शिकवलेलं सगळं एकेक करून गळून पडतं आणि तळाशी लिबित्सेची भाषा उरते.

गादी

प्रागचा धर्मप्रांत 973 च्या सुमारास स्थापन झाला आणि तो जर्मनीतल्या माइन्त्सच्या आर्चबिशपच्या अखत्यारीत ठेवला गेला. पहिला बिशप डेटमार हा सॅक्सन. 982 च्या जानेवारीत तो मेला तेव्हा वोयतेख प्रागमध्ये, त्याच्या खाटेजवळ होता. मरणारा बिशप शांतपणे गेला नाही. आपल्या लोकांच्या पापांकडे आपण काणाडोळा केला, आता त्याची भरपाई आपल्याला नरकात करावी लागणार, असं तो ओरडत होता. वोयतेख त्या रात्रीच खरबरीत कांबळं अंगावर घालून प्रागच्या चर्चांमधून प्रार्थना करत फिरला.

दीडेक महिन्यात, 19 फेब्रुवारीला, लेव्ही ह्राडेत्सच्या सभेत तोच बिशप निवडला गेला. वय सव्वीसच्या घरात. बिशप होण्यासाठी चर्चच्या नियमाने तीस वर्षं लागतात, पण नियमाची अडचण कुणाला वाटली नाही. का वाटली नाही? राजा बोलेस्लाव दुसरा याला परदेशी बिशपऐवजी देशातला माणूस हवा होता, आणि प्रबळ घराण्याच्या मुलाला गादी दिली की ते घराणं बांधलं जाणार होतं. स्लाव्हनिकांच्या बाजूने पाहिलं तर मुलुखातलं एकमेव बिशपपद आपल्या घरात येणार होतं. निवड झाली त्या मुलाच्या डोक्यात मात्र डेटमारची किंकाळी होती. एकाच निवडणुकीत तीन पक्षांनी तीन वेगळ्या गोष्टी पाहिल्या. पुढच्या सगळ्या प्रकरणाची गाठ मला इथे बसलेली दिसते.

983 च्या जूनमध्ये इटलीत व्हेरोना इथे सम्राट ओटो दुसरा याने त्याला बिशपदंड दिला आणि माइन्त्सचा आर्चबिशप विलिगिस याने अभिषेक केला. नवा बिशप प्रागमध्ये शिरला तो अनवाणी. धर्मप्रांताच्या उत्पन्नाचे त्याने चार वाटे केले: एक चर्चच्या गरजांना, एक कथीड्रलच्या धर्मगुरूंना, एक गरिबांना, एक स्वतःच्या खर्चाला. स्वतःच्या वाट्यातून रोज बारा गरीब त्याच्या पंगतीला जेवायचे.

तक्रारी त्याच्या तीन होत्या. सरदार अनेक बायका करत होते. धर्मगुरू उघडपणे लग्नं करत होते. आणि ख्रिस्ती माणसं गुलाम म्हणून विकली जात होती. शेवटची गोष्ट त्याला सर्वांत जास्त टोचली. स्पेनहून आलेला इब्राहिम इब्न याकूब 965 च्या आसपास प्रागचं वर्णन करताना दगड-चुन्याचं शहर आणि व्यापाराने श्रीमंत झालेला मुलूख असं सांगतो, आणि तिथून जाणाऱ्या मालात गुलाम, कथील आणि फर यांची नावं घेतो. चरित्रकार खरेदी करणाऱ्या यहुदी व्यापाऱ्यांकडे बोट दाखवतो. पण माणसं पकडून बाजारात आणणारे आणि त्या बाजारावर कर घेणारे इथलेच ख्रिस्ती सरदार आणि राजा होते, हे विसरून चालणार नाही. वोयतेख शक्य तितकी माणसं पैसे देऊन सोडवायचा, पण माणसं इतकी येत होती की बिशपची तिजोरी पुरेना. एका रात्री त्याच्या स्वप्नात ख्रिस्त आला आणि म्हणाला, मला पुन्हा विकताहेत आणि तू झोपला आहेस.

हे स्वप्न त्याने खरंच पाहिलं की चरित्रकाराने घडवलं, याने फार फरक पडत नाही. फरक पडतो तो पुढच्या कृतीने. 988-89 च्या सुमारास बिशप धर्मप्रांत सोडून रोमला निघून गेला.

इथे मी त्याच्या बाजूचा नाही. गुलाम विकले जाताहेत म्हणून व्याकूळ झालेला माणूस गुलामांना तिथेच ठेवून निघून गेला, असं सरळ सांगावं लागतं. तो तरुण होता, एकटा पडला होता, आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं, हे सगळं खरं. पण प्रागमध्ये त्यांच्यासाठी पैसे मोजणारा तोच एक होता. त्यातून चर्चच्या दृष्टीने बिशप आणि त्याचा धर्मप्रांत यांचं नातं लग्नासारखं. ते मनात आलं म्हणून मोडता येत नाही. त्याने पोपची परवानगी मिळवली. तरी मागे राहिलेल्यांचा प्रश्न सुटला नाही.

रोमचं स्वयंपाकघर

त्याला जेरुसलेमला जायचं होतं. ओटो दुसऱ्याची विधवा, सम्राज्ञी थेओफानू, हिने त्यासाठी भरपूर चांदी दिली. ती त्याने गरिबांना वाटून टाकली आणि सोबत्यांना परत पाठवलं. मोंते कासिनोच्या मठात तो थांबला. तिथले मठवासी म्हणाले, आमच्यातच राहा, मठवासी व्हा, आणि आमच्या चर्चना बिशप म्हणून अभिषेकही करत जा. तो दुखावला आणि उठून चालू लागला. जिथे त्याला साधा मठवासी व्हायचं होतं तिथेही त्याच्या पदाचा उपयोग काय होईल हाच हिशेब चालू होता. मग तो ग्रीक संन्यासी निलुसकडे गेला. निलुसने त्याला ठेवून घेतलं नाही, कारण त्याचा मठ मोंते कासिनोच्या जमिनीवर होता आणि त्यांनी नाकारलेला, रागावून आलेला बिशप ठेवला असता तर निलुसच्याच माणसांना जागा सोडावी लागली असती. त्याने पत्ता दिला रोममधल्या अव्हेंटाइन टेकडीवरच्या मठाचा. संत बोनिफास आणि संत अलेक्सियस यांच्या नावाचा हा मठ. तिथे ग्रीक आणि लॅटिन दोन्ही रीतींचे साधू एकत्र राहत.

990 मध्ये वोयतेख आणि रादिम यांनी तिथे दीक्षा घेतली. बिशपला काम मिळालं पाणी भरण्याचं, भांडी घासण्याचं, पंगतीत वाढण्याचं. त्याच्या हातून भांडी फुटायची. फुटलं की इतरांसमोर गुडघे टेकून चूक कबूल करायची, असा मठाचा नियम. लहानपणापासून ज्याच्या पुढे चाकरांनी ताटं ठेवली, त्याच्या हाताला मडकं धरायची सवय नसणार, हे मला अगदी डोळ्यांसमोर दिसतं. एकदा वाइनचा घडा घेऊन जाताना तो संगमरवरी फरशीवर आपटला, आवाज सगळ्या भोजनगृहात गेला, आणि घडा मात्र शाबूत राहिला. चरित्रकाराने तो चमत्कार म्हणून नोंदवला. पोलंडमधल्या ग्न्येझ्नोच्या कथीड्रलला बाराव्या शतकातलं ब्राँझचं दार आहे, त्यावर वोयतेखच्या आयुष्याची अठरा चित्रं ओतलेली आहेत. डाव्या झडपेवर गोष्ट खालून वर चढते, उजव्या झडपेवर वरून खाली उतरते. डाव्या झडपेवरचं शेवटचं, अगदी वरचं चित्र या न फुटलेल्या घड्याचं आहे. ज्याने दार घडवलं त्याला ही गोष्ट माथ्यावर ठेवावीशी वाटली.

या दोन-अडीच वर्षांत तो सुखी होता, असं दोन्ही चरित्रकार सांगतात. त्यांच्यावर विश्वास ठेवायला मला काही अडचण वाटत नाही.

वेदीजवळची बाई

992 मध्ये विलिगिसने पोपकडे तक्रार केली: प्रागला बिशप नाही, तुमच्या मठात बसलेला माणूस परत द्या. बोहेमियाहून, म्हणजे प्रागच्या मुलखातून, माणसं आली. त्यांत वोयतेखचा जुना गुरू रादला होता, आणि राजाचा सख्खा भाऊ स्त्राखक्वासही होता, तोही मठवासीच. वोयतेख परतला. या वेळी राजा बोलेस्लावने लेखी हक्क दिले: चर्चच्या नियमाविरुद्धची लग्नं मोडण्याचा, योग्य जागी चर्च बांधण्याचा, दशमांश गोळा करण्याचा. 993 मध्ये प्रागजवळ ब्रझेव्हनोव्हला त्याने रोमहून आणलेल्या साधूंसाठी मठ उभा केला, बोहेमियातला पुरुषांचा पहिला. तो मठ आजही आहे. कागदोपत्री सगळं जुळून आलं होतं.

मग एका सरदाराच्या बायकोवर एका धर्मगुरूशी संबंध ठेवल्याचा आरोप झाला. नवऱ्याकडच्या लोकांची रीत अशी की बाईचं डोकं उडवायचं. ती पळाली आणि बिशपकडे आली. ज्या बिशपने वर्षानुवर्षं व्यभिचाराविरुद्ध उपदेश केले, त्याच्याच दाराशी ती आली, यातून त्याच्याविषयी बरंच कळतं. बिशपने तिला संत जॉर्जच्या मठात, वेदीजवळ आसरा दिला आणि राखणाऱ्याच्या हाती किल्ली सोपवली. चर्चमध्ये शरण आलेल्याला हात लावायचा नाही, हा सगळीकडचा नियम. शिवाय राजाने लग्नाच्या बाबी बिशपकडे दिल्याच होत्या. कायदा दोन्हीकडून त्याच्या बाजूने होता.

हत्यारबंद टोळी बिशपच्या वाड्यात घुसली. तो सोबत्यांचा निरोप घेऊन एकटाच बाहेर आला आणि म्हणाला, मला शोधत असाल तर मी इथे आहे. सगळा दोष त्याने स्वतःवर ओढून घ्यायची तयारी ठेवली होती. त्यावर टोळीतल्या एकाने जे उत्तर दिलं ते पहिल्या चरित्रात नोंदलेलं आहे. त्याचा आशय असा: तुला हुतात्मा करायला आम्ही आलेलो नाही. ती बाई बाहेर काढ, नाही तर तुझे भाऊ आहेत. त्यांच्या बायका आहेत, मुलं आहेत, जमिनी आहेत. वसुली आम्ही तिथून करू.

मला या सगळ्या प्रकरणाचा कणा हे वाक्य वाटतं. बिशपला धमकवायला काही उरलं नव्हतं. त्याच्याकडे मालमत्ता नाही, कुटुंब नाही, जिवाची पर्वा नाही. अशा माणसावर जोर चालत नाही, आणि त्याची खरी शक्ती तीच. पण समोरच्यांनी बिशपशी बोलायचंच नाकारलं. ते स्लाव्हनिकच्या मुलाशी बोलत होते. दीक्षा घेऊन त्याने स्वतःला मोकळं केलं असेल, पण भावांच्या पोराबाळांना मोकळं करणं त्याच्या हातात नव्हतं. आणि आपल्या तत्त्वाची किंमत दुसऱ्याच्या पोरांनी द्यायची, हे कोणत्या धर्मपुस्तकात बसतं?

तो काही बोलायच्या आत निकाल लागला. कुणीतरी लाच घेऊन बाईची जागा दाखवली. ती वेदी घट्ट धरून असताना तिला ओढून बाहेर आणलं. नवऱ्याला म्हणाले, मार. त्याने नकार दिला. शेवटी एका चाकराच्या तलवारीने तिचं डोकं उडवलं. तिचं नाव कुणीही लिहून ठेवलेलं नाही. हल्लेखोर व्हर्शोव्हत्सी कुळातले असावेत, असं पुष्कळ इतिहासकार धरतात. चरित्रात कुळाचं नाव नाही.

वोयतेखने मारेकऱ्यांना चर्चमधून बहिष्कृत केलं आणि दुसऱ्यांदा रोमची वाट धरली. या वेळी मी त्याला दोष देऊ शकत नाही. पहिल्या वेळी त्याने काम टाकून दिलं होतं. आता त्याच्या तिथे असण्यानेच भावांच्या मुलांच्या मानेवर तलवार टांगली गेली होती, आणि राजाने सहीनिशी दिलेला हक्क पहिल्याच परीक्षेत कुचकामी ठरला होता. तो गेल्याने भाऊ वाचतील असं त्याला वाटलं असेल काय? वाटलं असेल, तर ते खोटं ठरायला फार दिवस लागले नाहीत.

28 सप्टेंबर 995

हा दिवस संत व्हात्स्लावच्या सणाचा. व्हात्स्लाव हा प्रेमिस्ल राजा, सख्ख्या भावाच्या माणसांच्या हातून मेलेला. त्याला मारवणाऱ्या बोलेस्लाव पहिल्याचा मुलगा आता राज्य करत होता. भाऊबंदकीचा इतका भारलेला दिवस दुसरा नसेल. सैन्याने लिबित्सेला वेढा घातला तेव्हा आतल्या भावांनी निरोप पाठवला की आज सण आहे, निदान आजचा दिवस थांबा. बाहेरून उत्तर आलं: तुमचा संत व्हात्स्लाव असेल, आमचा बोलेस्लाव आहे.

स्पितिमीर, पोब्रास्लाव, पोर्झेय आणि चास्लाव मारले गेले. गढी लुटली गेली. थोरला सोबेस्लाव सम्राटाच्या मोहिमेवर गेला होता म्हणून वाचला. पुढे तो पोलंडच्या आश्रयाला राहिला आणि 1004 मध्ये पोलिश फौज प्रागमधून मागे हटत असताना पुलावर लढताना पडला. रादिम वोयतेखबरोबर रोमला होता.

कॉस्मास म्हणतो की तेव्हा राजा स्वतःच्या ताब्यात नव्हता, सरदारच कारभार हाकत होते. असेलही. पण राजघराण्याच्या छत्राखाली लिहिणाऱ्या माणसाने राजाला वाचवणं स्वाभाविक आहे, आणि लिबित्से पडल्याचा फायदा शेवटी प्रागच्याच गादीला झाला. लिबित्सेची टांकसाळ बंद पडली.

कॉस्मासचीच आणखी एक कथा इथे उपयोगी आहे. ती शब्दशः खरी मानायची गरज नाही. तो सांगतो, वोयतेखने स्त्राखक्वासला आपली गादी घ्यायला सांगितलं होतं. कारण काय दिलं? तू राजाचा भाऊ आहेस, लोक तुझं ऐकतील. म्हणजे वोयतेखलाही उमगलं होतं की त्या देशात बिशपच्या शब्दाला वजन येतं ते त्याच्या भावामुळे. पुढे स्त्राखक्वास खरंच अभिषेकासाठी माइन्त्सला गेला आणि विधी चालू असतानाच कोसळून मेला, असं कॉस्मास लिहितो.

परतीचा हुकूम आणि प्रुसी किनारा

996 च्या मे महिन्यात पंधरा वर्षांचा ओटो तिसरा रोममध्ये सम्राट झाला. वोयतेखशी त्याचा जीव जडला. विलिगिसही त्याच वेळी रोममध्ये होता आणि त्याने तोच आग्रह धरला: प्रागचा बिशप प्रागला गेलाच पाहिजे. या विलिगिसला बरेच लेखक कोरडा नियमवाला म्हणून रंगवतात. मला ते अन्यायाचं वाटतं. एका बिशपला जाऊ दिलं तर अडचणीत आलेला प्रत्येक बिशप रोममध्ये मठ शोधेल, ही त्याची काळजी रास्तच होती. पोप ग्रेगरी पाचवा याने हुकूम विलिगिसच्या बाजूने दिला, पण एक वाट मोकळी ठेवली: लोकांनीच घ्यायला नकार दिला, तर वोयतेखने मूर्तिपूजकांमध्ये धर्मप्रसाराला जावं.

म्हणून ती माणसं पोलंडहून प्रागला गेली होती. सुरुवातीला सांगितलेलं उत्तर घेऊन ती परत आली, आणि वोयतेख मोकळा झाला. ते ऐकून त्याला आनंद झाला, असं चरित्र म्हणतं. त्या आनंदाखाली काय होतं ते कुणी सांगावं.

पोलंडच्या बोलेस्वावने त्याला एक नौका आणि तीस सैनिक दिले. हा बोलेस्वाव प्रागच्या राजाचा सख्खा भाचा. नात्यांच्या या जाळ्यातून तिथे कुणाचीच सुटका नव्हती. विस्तुला नदीतून उतरून ते ग्दान्स्कला आले. त्या शहराचं नाव लेखी स्वरूपात पहिल्यांदा या प्रवासाच्या वर्णनातच सापडतं. तिथे बऱ्याच लोकांना बाप्तिस्मा देऊन समुद्रमार्गे ते प्रुसी लोकांच्या किनाऱ्याला लागले. हे प्रुसी म्हणजे बाल्टिक भाषा बोलणारे लोक. जर्मन प्रशियाने पुढे फक्त त्यांचं नाव घेतलं. सैनिक परत पाठवले. उरले तिघे: वोयतेख, रादिम आणि बेनेडिक्ट नावाचा धर्मगुरू.

किनाऱ्यावर एकाने स्तोत्रं वाचत उभ्या असलेल्या वोयतेखच्या पाठीत वल्हं हाणलं. पुस्तक हातातून उडालं, तो तोंडावर पडला. गावात सभा भरली आणि हुकूम झाला: चालते व्हा. ब्रूनो सांगतो की त्यानंतर वोयतेख वेगळाच विचार करत होता. आपले कपडे आणि मुंडण केलेली डोकी पाहून हे लोक बिचकतात; आपण केस-दाढी वाढवू, त्यांच्यासारखे कपडे घालू, त्यांच्यात राहू, स्वतःच्या हाताने कमवून खाऊ. चाळिशीत, सगळं संपल्यावर, त्याला सुचलेली ही गोष्ट फार मोलाची होती. पण वेळ उरला नव्हता.

23 एप्रिल 997, शुक्रवार. सकाळी रादिमने मिस्सा अर्पण केली, तिघांनी थोडं खाल्लं आणि थकून गवतावर झोपले. प्रुसींची टोळी आली, त्यांना उठवून बांधलं. सिक्को नावाच्या म्होरक्याने पहिला भाला मारला. एकूण सात भाले लागले. डोकं कापून काठीवर रोवलं. रादिम आणि बेनेडिक्टला जिवंत ठेवलं. ब्रूनोने सिक्कोविषयी एक गोष्ट नोंदवली आहे: त्याचा भाऊ पोलिशांच्या हातून मारला गेला होता. वोयतेख पोलंडच्या राजाच्या नावेतून आलेला. सिक्कोला तेवढं पुरलं.

हाडं

बोलेस्वावने प्रेत विकत घेतलं. वजनाइतकं सोनं दिलं अशी परंपरा आहे. ग्न्येझ्नोच्या दारावर तराजूचं चित्रही आहे. दोनेक वर्षांत पोपने वोयतेखला संत घोषित केलं. 1000 साली सम्राट ओटो तिसरा ग्न्येझ्नोला आला, शेवटचा टप्पा अनवाणी चालला, आणि तिथे पोलंडचा स्वतंत्र महाधर्मप्रांत उभा राहिला. त्याच्याखाली क्राकुव्ह, व्रोत्सवाव आणि कोवोबझेग हे धर्मप्रांत दिले गेले. पहिला आर्चबिशप झाला रादिम, ज्याने भावाला डोळ्यांसमोर मरताना पाहिलं होतं. ज्या घराण्याला बोहेमियात गढी राहिली नाही, त्या घराण्याच्या मुलाच्या थडग्यावर शेजारच्या देशाचं चर्च उभं राहिलं, आणि प्राग मात्र माइन्त्सच्या हाताखाली पुढची साडेतीनशे वर्षं राहिली.

ही गोष्ट प्रागला सलत राहिली. 1039 मध्ये पोलंड कमकुवत झालेला असताना झेक राजा ब्रेतिस्लाव फौज घेऊन ग्न्येझ्नोवर चालून गेला. हा ब्रेतिस्लाव म्हणजे त्याच बोलेस्लाव दुसऱ्याचा नातू. कॉस्मास सांगतो, थडगं उघडायच्या आधी राजा आणि बिशप सेव्हेरुस यांनी सैन्याला तिथेच शपथ घ्यायला लावली: एका पुरुषाला एकच बायको, व्यभिचाराला शिक्षा, खुनाला शिक्षा, रविवारी काम बंद, मेलेल्यांना शेतात-रानात पुरणं बंद. वोयतेख ज्यासाठी दोनदा देश सोडून गेला त्यातलं बरंच काही या यादीत होतं. गुलामांच्या बाजाराचा उल्लेख नव्हता.

मग हाडं प्रागला आणली. त्यांत रादिमचीही होती. शहरात मिरवणूक निघाली तेव्हा सर्वांच्या पुढे वोयतेखच्या अवशेषांची पेटी होती. ती एका बाजूने बिशपने खांद्यावर घेतली होती आणि दुसऱ्या बाजूने राजाने, बोलेस्लावच्या नातवाने.